आधी बाटली, मग सेन्सर

शाळेतला परिपाठ आठवत असेल. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष, दोन बातम्या, आणि मग मुलं ओळीनं वर्गात. मी अधूनमधून जातो त्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत पावसाळ्यात दिनविशेषानंतर आणखी एक ओळ वाचली जाते. सातवीतली एखादी मुलगी वही उघडते आणि म्हणते, "काल सकाळी साडेआठ ते आज सकाळी साडेआठ, पाऊस अठरा मिलिमीटर." मग मोजणाऱ्या दोघांची नावं वाचते आणि वही मिटते.

दहा सेकंदांचं काम. पण "तंत्रज्ञानाच्या मदतीनं कृतीतून पर्यावरण शिक्षण" असं जे हल्ली प्रत्येक परिपत्रकात येतं, ते नेमकं काय असतं हे मला कुणी विचारलं, तर मी या दहा सेकंदांपासूनच सुरुवात करेन. कारण पुढचं सगळं, म्हणजे सेन्सर, मोबाइल अ‍ॅप, आलेख, ग्रामसभेत मांडलेली मागणी, याच वहीतून निघतं. आणि ही वही जिथे नसते, तिथे महागडी यंत्रं आणूनही फारसं काही होत नाही, हे मी पुरेशा शाळांमध्ये पाहिलं आहे.

तर आधी तो अठरा मिलिमीटर पाऊस.

पाऊस लांबी मोजण्याच्या एककात का मोजतात, हा प्रश्न मुलं पहिल्याच दिवशी विचारतात. पाणी तर लिटरमध्ये मोजायचं असतं ना? उत्तर सोपं आहे. पडलेलं पाणी कुठे वाहून गेलं नसतं, जमिनीत मुरलं नसतं, उडून गेलं नसतं, तर अंगणात किती उंच साचलं असतं? ती उंची म्हणजे पाऊस. म्हणूनच भांडं रुंद असो की अरुंद, बाजू सरळ उभ्या असल्या की उंची तीच येते. मुलांना हे पटत नाही. मग एक मोठा डबा आणि एक छोटा डबा पावसात शेजारी शेजारी ठेवायचे आणि दोन्हींत पट्टी बुडवायची. पटतं.

मोजायला लागते कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली, मधे कंबर नसलेली, सरळ बाजूंची. वरचा निमुळता भाग कापायचा आणि उलटा करून नरसाळ्यासारखा बाटलीतच बसवायचा, म्हणजे उन्हानं पाणी कमी उडतं. कापलेल्या तोंडाचा आणि खालच्या बाटलीचा व्यास सारखा हवा, एवढंच बघायचं. बाटलीचं बूड खडबडीत असतं, त्यामुळे तिथून मोजता येत नाही. तळाशी बारीक खडे घालून सपाट भाग सुरू होईपर्यंत पाणी भरायचं आणि तिथे शून्याची रेघ मारायची. त्या रेघेपासून वर कागदी पट्टी चिकटवायची आणि तिच्यावरून पारदर्शक टेप लावायची. रोज मोजून झालं की पाणी पुन्हा शून्याच्या रेघेवर आणायचं. वाऱ्यानं पडू नये म्हणून भोवती चार विटा. झालं पर्जन्यमापक.

वेळ साडेआठचीच का? भारतीय हवामान विभाग चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतो. आपला आकडा त्यांच्या आकड्याशेजारी ठेवायचा असेल तर वेळ तीच पाळावी लागते. शाळा साडेदहाची, त्यामुळे शाळेजवळ राहणाऱ्या मुलांची पाळी लागते. पाळीचा तक्ता मुलांनीच केलेला असतो आणि त्यावरून भांडणंही होतात.

आता त्या अठरा मिलिमीटरचं करायचं काय? एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. हे नातं एकदा लक्षात आलं की मुलं कुठल्याही छपराकडे वेगळ्या नजरेनं बघतात. शाळेचं पत्र्याचं छप्पर २०० चौरस मीटरचं धरा. अठरा मिलिमीटरला ३,६०० लिटर. काही पाणी उडतं, काही पत्रा भिजवण्यात जातं, म्हणून ८० टक्केच हाती येतं असं धरलं तरी २,८८० लिटर. पंधरा लिटरच्या हंड्यानं मोजलं तर १९२ हंडे, एका दिवसात, एका छपरावरून. ज्या गावात एप्रिलमध्ये टँकरची वाट बघावी लागते, तिथल्या मुलीनं हे गणित फळ्यावर मांडलं की वर्ग आपोआप शांत होतो. पुस्तकातल्या "पाणी वाचवा" या दोन शब्दांनी ती शांतता येत नाही.

पाऊस किती ठिकाणचा असतो, हेही याच बाटलीतून कळतं. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आपली बाटली न कापता पूर्ण ३० सेंटिमीटर उंचीची धरली, तरी ती तीनदा भरून सांडली असती. त्याच दिवशी वीस-पंचवीस किलोमीटरवर कुलाब्याला ७५ मिलिमीटरसुद्धा पाऊस नव्हता. बैलाचं एक शिंग भिजतं आणि दुसरं कोरडं राहतं असं आपल्याकडे म्हणतात, ते काही उगाच नाही.

ग्रामीण भागात हा नुसता कुतूहलाचा विषय राहत नाही. आपल्या राज्यात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत, आणि चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस म्हणजे अतिवृष्टी, असं धरून मदतीची गणितं होतात. एका मंडळात कितीतरी गावं येतात. केंद्र एका गावात असतं आणि ढग फुटतो दुसऱ्याच गावात. शाळेची बाटली काही सरकारी पुरावा होत नाही, आणि तसा आव मुलांना आणू देऊही नये. पण आकडा कुठून येतो, कोण मोजतं, दोन गावांत फरक का पडतो, हे ज्या मुलाला तेराव्या वर्षी कळलं, तो मोठेपणी पीकविम्याचा कागद वेगळ्या समजुतीनं वाचेल, असं मला मनापासून वाटतं.

आता दोन गोष्टी जवळून सांगतो. माझ्या मते खरं शिक्षण इथेच होतं.

पहिली गोष्ट दोन बाटल्यांची. सहावीनं आणि सातवीनं आपापली बाटली ठेवली होती. त्याच मैदानात, शंभर पावलांच्या अंतरात. चार-पाच दिवस आकडे जवळजवळ सारखे आले, मग फरक पडू लागला. सहावीचा आकडा कमी. सातवीनं लगेच निकाल दिला, "त्यांना वाचता येत नाही." सहावीचं म्हणणं, "हे वरून वाकून बघतात, आम्ही डोळा पाण्याच्या पातळीत आणून बघतो." दोन्ही गट एकमेकांच्या बाटल्या वाचायला गेले. वाचन बरोबर निघालं. मग बाटल्या अदलाबदल करून पाहिल्या. फरक जागेसोबतच राहिला, बाटलीसोबत गेला नाही. तेव्हा कुणीतरी वर बघितलं. सहावीची बाटली लिंबाच्या झाडाच्या कडेला होती. वारा पश्चिमेकडून असला की झाड पाऊस अडवायचं, वारा पडला की पानांवरचं पाणी टपटप आत पडायचं. पर्जन्यमापक झाडापासून किंवा भिंतीपासून तिच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर ठेवावा, हा नियम गुरुजींना माहीत होता. त्यांनी तो आधी सांगितला नव्हता. मुलांना तो सापडेपर्यंत ते आठवडाभर गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचं मला फार मोल वाटतं. अभ्यासक्रम संपवायचा ताण डोक्यावर असताना असं थांबणं सोपं नसतं.

दुसरी गोष्ट शून्याची. रविवारी कुणी मोजायला आलं नाही. सोमवारी पाळीवरच्या मुलानं रविवारच्या रकान्यात ० लिहिलं. मोजलं नाही म्हणजे काही नाही, काही नाही म्हणजे शून्य, असा त्याचा हिशोब. एका मुलीनं हरकत घेतली, "पण रविवारी पाऊस पडला होता, आमचे कपडे भिजले." मग चर्चा झाली. शून्य म्हणजे आम्ही मोजलं आणि पाऊस नव्हता. रिकामा रकाना म्हणजे आम्हाला माहीत नाही. या दोन वाक्यांत केवढा फरक आहे! त्या दिवसापासून वहीत "मो. ना." अशी खूण आली, मोजलं नाही या अर्थाची. सुट्टीनंतर बाटलीत साचलेलं पाणी असलं तर "दोन दिवसांचा मिळून" असं लिहायचं. पुढे कुठलाही सरकारी तक्ता किंवा कंपनीचा अहवाल समोर आला की ही मुलं विचारतील, इथे शून्य आहे की मो. ना.?

हे सगळं झाल्यावर यंत्र आणायचं. क्रम महत्त्वाचा आहे.

स्वयंचलित पर्जन्यमापकाच्या आत एक इवलासा सीसॉ असतो, दोन्ही टोकांना छोटी पन्हाळी. नरसाळ्यातून पाणी एका पन्हाळीत पडतं. ठरावीक पाणी झालं, बऱ्याच यंत्रांत ०.२ मिलिमीटर पावसाइतकं, की ती बाजू खाली जाते, पाणी सांडतं आणि दुसरी पन्हाळी वर येते. सीसॉवर एक चुंबक असतं. ते दर वेळी एका बारीक स्विचसमोरून जातं आणि चिप "एक" असं मोजते. नव्वद वेळा कलला तर अठरा मिलिमीटर. एवढीच करामत. आर्डुइनो किंवा ईएसपी-३२ सारख्या काही शे रुपयांच्या, छोट्या संगणकासारखं काम करणाऱ्या सर्किटच्या पाटीवर आठवी-नववीची मुलं हे जोडू शकतात, आणि जोडतातही.

मग बाटलीपेक्षा हे यंत्र जास्त काय देतं? वेळ देतं. बाटली सांगते पाऊस किती पडला. यंत्र सांगतं कधी पडला. अठरा मिलिमीटर दिवसभर रिमझिम पडला तर जमीन पिऊन घेते. तोच अर्ध्या तासात कोसळला तर बांध फुटतात आणि माती ओढ्याला जाते. दिवसातून एकदा वाचलेल्या बाटलीत हे दोन्ही दिवस सारखेच दिसतात. शाळेत कुठलंही उपकरण घेण्याआधी मी हाच एक प्रश्न विचारतो. आपल्या हातांना आणि डोळ्यांना जे जमत नाही, असं हे काय करणार आहे? उत्तर नसेल तर ते घेऊ नये.

आणि बाटली काढून टाकायची नाही. ती यंत्राशेजारीच राहते, साक्षीदार म्हणून. सीसॉत मुंग्या घर करतात, नरसाळ्यात पानं अडकतात, आणि फार जोराच्या पावसात पन्हाळी कलत असताना काही पाणी न मोजताच निसटतं. पडद्यावर झळकणारा आकडा खोटा असू शकतो, हे मुलाला बाटली शिकवते.

हवेच्या सेन्सरच्या बाबतीत तर हे दसपट खरं आहे, म्हणून तिथे जरा थांबतो. शहरातल्या शाळांना हल्ली याचीच जास्त ओढ आहे.

पीएम २.५ म्हणजे हवेतले अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. हे कण नाकात अडकत नाहीत, फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात. आपल्या देशात चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा १५ आहे.

स्वस्त सेन्सर हे कण प्रत्यक्ष तोलत नाही. काडेपेटीहून थोड्या मोठ्या डबीत एक छोटा पंखा हवा आत ओढतो. आत लेझरचा झोत असतो. कवडशात धूळ चमकताना आपण पाहतो ना, अगदी तसेच कण झोतातून जाताना चमकतात. ती चमक एक प्रकाशग्राही टिपतो आणि चमकेवरून चिप कणांचा आकार आणि संख्या ठरवते. पुढे मात्र ती अंदाजच करते. कण गोल आहेत, त्यांची घनता अमुक आहे असं धरून वजन काढते. आता पावसाळ्याची दमट हवा घ्या. कण ओलावा शोषून फुगतात, जास्त चमकतात, आणि सेन्सर आकडा वाढवून सांगतो. धुक्यात तर पाण्याचे थेंबच धूळ म्हणून मोजले जातात. उदबत्ती शेजारी लावली तर आकडा गगनाला भिडतो. सरकारी केंद्रांतली यंत्रं वेगळ्या पद्धतीनं काम करतात, गाळणपट्टीवर कण साठवून त्यांचं वस्तुमान ठरवतात. म्हणून ती महाग असतात, आणि म्हणूनच कमी असतात.

म्हणजे स्वस्त सेन्सर निरुपयोगी का? मुळीच नाही. त्याला विचारायचा प्रश्न बदलावा लागतो. "आमच्या शाळेची हवा नेमकी किती वाईट?" याचं भरवशाचं उत्तर तो देणार नाही. "फाटकापाशी जास्त वाईट की मागच्या वर्गात? साडेबाराला जास्त की अकराला?" याचं उत्तर तो चांगलं देतो. पण त्याआधी दोन्ही सेन्सर आठवडाभर एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवायचे. एकच हवा असताना दोघांचे आकडे किती वेगळे येतात ते लिहायचं, आणि मगच ते दोन जागी लावायचे. हा आठवडा मुलांना कंटाळवाणा वाटतो. तो टाळला तर पुढचं सगळं पाण्यात.

शाळा सुटण्याच्या आधी पंधरा मिनिटं फाटकाबाहेर रिक्षा आणि व्हॅन इंजिन सुरू ठेवून उभ्या असतात. ते दृश्य कुठल्याही शहरातल्या पालकाला सांगायला नको. त्या पंधरा मिनिटांचा आलेख मुलांनी काढला आणि रिक्षावाल्या काकांनाच दाखवला, तर चालकांच्या लक्षात येतं की त्या धुरात सगळ्यात जास्त वेळ तेच उभे असतात. मी हे संभाषण ऐकलं आहे. मुलांनी तक्रार केली नाही, आलेख दाखवला आणि विचारलं, "काका, हे बरोबर वाटतं का?" इंजिनं बंद झाली. सगळी नाही, पण बरीच.

एक सावधगिरी. सेन्सरचा त्या क्षणीचा आकडा म्हणजे एक्यूआय नव्हे. आपल्याकडचा हवा गुणवत्ता निर्देशांक २०१५ पासून जाहीर होतो, त्यात "चांगली" ते "गंभीर" अशा सहा पायऱ्या आहेत, आणि पीएम २.५ साठी तो चोवीस तासांच्या सरासरीवर काढतात. दोन मिनिटांच्या आकड्यावरून "आमच्या शाळेची हवा गंभीर" असा फलक लावला तर पालक घाबरतात, आणि मुलं घाईनं बोलायला शिकतात.

ठरलेल्या पद्धतीनं मोजण्याची शिस्त जगभरच्या शाळांनी एकत्र पाळल्याचं एक चांगलं उदाहरण म्हणजे ग्लोब हा कार्यक्रम. तो १९९५ मध्ये अमेरिकेत सुरू झाला, नासाच्या पुढाकारानं चालतो, आणि भारत त्यात २००० मध्ये आला. मला त्यातलं ढगांचं निरीक्षण फार आवडतं. उपग्रह डोक्यावरून जाण्याच्या वेळी मुलं आकाश बघून ढगांचा प्रकार आणि किती आकाश झाकलंय ते लिहितात. उपग्रहाला ढगांची वरची बाजू दिसते, मुलाला खालची. दोन्ही जुळवल्याशिवाय ढग पुरता कळत नाही. तुम्ही पाठवलेली नोंद कुणाच्या तरी खऱ्या कामाला येते, हे बारा वर्षांच्या मुलासाठी फार मोठं असतं.

आता विद्यार्थ्यांच्या पुढाकाराबद्दल, कारण या शब्दाचा सगळ्यात जास्त गैरवापर होतो.

सर्वोच्च न्यायालयानं पर्यावरणाचे खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ मध्ये पर्यावरण हा विषय शाळांत सक्तीचा करायला सांगितलं आणि २००३ मध्ये त्याच्या अंमलबजावणीचा पुन्हा आग्रह धरला. विषय आला. आपल्याकडे परिसर अभ्यास आहे, जलसुरक्षा आहे, अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण आहे. पुस्तकं वाईट नाहीत. पण प्रकल्पाला गुण आले आणि गुणांमागोमाग स्टेशनरीच्या दुकानात भरलेल्या प्रकल्पवह्याही आल्या. नदीप्रदूषणावरचा तोच मजकूर, तीच चित्रं, नाव तेवढं मुलाचं.

माझ्या मुलीनं एका वर्षी डबा खाऊन उरलेल्या अन्नाचं आणि पानगळीचं कंपोस्ट केलं होतं, रोज थर्मामीटर खुपसून. तिची वही माझ्याकडे अजून आहे. "आज वास आला. ओलं जास्त झालं. सुकी पानं घातली." तीन दिवसांनी, "ढीग गरम लागतो! बाहेर ऊन नाही तरी. कोण तापवतंय?" त्या "कोण तापवतंय?" मध्ये सूक्ष्मजीवशास्त्राचा पहिला धडा आहे. प्रदर्शनात बक्षीस मिळालं मोटर लावलेल्या, दुकानातून आणलेल्या थर्माकोलच्या प्रतिकृतीला. तिची वही कुणी उघडलीही नाही. बक्षिसाचं मला फार वाईट वाटलं नाही. वही उघडली गेली नाही याचं वाटलं, आणि आजही वाटतं.

तर पुढाकार म्हणजे मुलानं मॉडेल हातात धरून भाषण म्हणणं नव्हे. प्रश्न कुणी काढला, कसं मोजायचं हे कुणी ठरवलं आणि चुकल्यावर दुरुस्त कुणी केलं, या तिन्हीचं उत्तर "मुलांनी" असं असेल तर पुढाकार मुलांचा.

त्या जिल्हा परिषदेच्या शाळेतलाच एक प्रश्न सांगतो. एका मुलाची आजी म्हणते, बहावा फुलला की पंचेचाळीस दिवसांत पाऊस येतो. खरं आहे का? गावाकडे ही समजूत सगळीकडे आहे. मुलांनी तपासायचं ठरवलं, आणि ठरवता ठरवता दोन दिवस गेले. "फुलला" म्हणजे नक्की कधी? पहिला घोस उमलला तेव्हा, की अर्धं झाड पिवळं झालं तेव्हा? "पाऊस आला" म्हणजे वळवाची एक सर धरायची का? शेवटी ठरलं, पहिला पूर्ण उमललेला घोस. आणि पाऊस म्हणजे मृग नक्षत्र लागल्यानंतरचा, बाटलीत अडीच मिलिमीटर किंवा जास्त भरलेला पहिला दिवस, कारण हवामान विभागही अडीच मिलिमीटरपासूनच पावसाचा दिवस धरतो. तीन झाडं निवडली, त्यांना क्रमांक दिले. दर शनिवारी फोनवर फोटो, तोही त्याच जागेवरून, म्हणून प्रत्येक झाडासमोर उभं राहायला चुन्यानं रंगवलेला एक दगड. फोन इथे खरा उपयोगी पडला. तारीख आपोआप नोंदली जाते आणि मागच्या आठवड्याचा फोटो शेजारी ठेवून बघता येतो.

पहिल्या वर्षी तीन झाडांची तीन उत्तरं आली. आजी बरोबर की चूक? एका वर्षावरून सांगता येत नाही, हे मुलांनीच वहीत लिहिलं. जपानमध्ये क्योटोला चेरी कधी बहरली याच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या सापडतात. म्हणून तर आज तिथे बहर लवकर येऊ लागला आहे असं ठामपणे म्हणता येतं. आपल्या देशात सीझनवॉच हा उपक्रम शाळकरी मुलांकडून अशाच नोंदी घेतो. एक झाड निवडा, दर आठवड्याला पानं, फुलं, फळं बघा, कळवा. बहावा त्यांच्याही यादीत आहे.

हे सगळं काही परक्याकडून आलेलं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा कुरणात नेली. १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून पुढे शाळांमध्ये आठवड्यातला एक दिवस हातानं काम करत शिकण्याचा अभ्यासक्रम गेला, ज्यात शेती, ऊर्जा-पर्यावरण, बांधकाम-यंत्रकाम, घर-आरोग्य असं सगळं येतं आणि मुलं गावाला उपयोगी पडणाऱ्या सेवाही देतात. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेनं आपल्या आवाराबाहेर जे अगदी सुरुवातीचे फॅब लॅब उभारले, त्यातला एक २००२ मध्ये याच पाबळला झाला. संगणकाच्या सूचनेवर वस्तू कापणारी, घडवणारी यंत्रं गावातल्या मुलांच्या हाती आली, ती अशा ठिकाणी जिथे काय बनवायचं हे आधीपासून ठाऊक होतं.

त्या उलट चित्रही आहे. २०१६ पासून देशभर अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी यंत्रं हाताळून शिकायच्या शाळेतल्या प्रयोगशाळा झाल्या, प्रत्येक शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान. काही ठिकाणी सुंदर काम चालतं. काही ठिकाणी थ्रीडी प्रिंटर कपाटात आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात. याला शिक्षकांचा आळस म्हणणं अन्याय आहे. वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीला चढते. ती मोडली तर उत्तर द्यावं लागतं शिक्षकाला. मुलांनी मोडू नये असं वाटत असेल तर मुलांना देऊच नये, हाच शहाणपणा ठरतो. अनुदान देणाऱ्यांनी "इतक्या वस्तू मोडल्या तरी चालतील" असं कागदावर लिहून दिलं, तर अर्धी कपाटं उघडतील. मोडण्याच्या हिशोबात कागदी सूक्ष्मदर्शक फोल्डस्कोप मला म्हणूनच आवडतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मनू प्रकाश यांनी केलेला हा घडीचा सूक्ष्मदर्शक सुमारे १४० पट मोठं दाखवतो, फोनच्या कॅमेऱ्याला लागतो, आणि खाली पडला तर उचलायचा.

मोजलेलं शाळेच्या भिंतीबाहेर गेलं की त्याला वजन येतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती झाला, विहिरींत किती आहे, त्यावरून कोणतं पीक घ्यायचं ते ग्रामसभेत ठरतं. कमी पावसाच्या वर्षी जास्त पाणी पिणारी पिकं नाहीत, आणि बोअरवेलवर शेती नाही. हे गाव काही जादूनं सुधारलं नाही. सगळ्यांनी एकच आकडा मानला, हा त्यातला मोठा भाग आहे. तो आकडा मानण्याची सवय शाळेतल्या बाटलीपासून लागू शकते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यात. शाळेनं एक विहीर निवडून त्याच महिन्यांत मोजावी. कठडा असलेलीच विहीर, मोठं माणूस सोबत, आणि वेळ पहाटेची, मोटर सुरू होण्याआधी. टेपच्या टोकाला वजन बांधून सोडायचं, ओली खूण बघायची. पुरे.

त्या शाळेत सातवीपर्यंतच वर्ग आहेत. आठवीला मुलं सात किलोमीटरवरच्या हायस्कूलला जातात. वही मात्र जात नाही. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी सातवी ती सहावीच्या हाती देते आणि शेवटच्या पानावर पुढच्यांसाठी सूचना लिहिते. यंदाच्या मी वाचल्या.

"लिंबाजवळ बाटली ठेवू नका. रविवारी गेला नाहीत तर शून्य लिहू नका. सेन्सरमध्ये मुंग्या होतात, महिन्यातून एकदा उघडा. बहावा क्रमांक दोनच्या दगडाचा चुना उडाला आहे. आणि आजीचं अजून ठरलेलं नाही."